डब्यात यंत्राशिवाय काही नको

अत-बाशी, ९ जुलै

पेरी पोरी,

तू पाठवलेलं कानाचं यंत्र परवा पोचलं. तोकोन उद्या ट्रक घेऊन अस्तानाला निघतोय, त्याच्या हाती हे पत्र देतोय. पोस्टाने टाकलं असतं तर तुला बर्फ पडायला लागल्यावर मिळालं असतं. तोकोन म्हातारा झालाय, पण पाच दिवसांत पोचवतो. त्याला चहा पाज आणि जेवायलाही घाल, नाहीतर परत येऊन माझ्या वहीत तक्रार लिहील.

वहीचं तुला आईने फोनवर सांगितलंच असेल. ज्याला माझ्याशी बोलायचंय त्याने वहीत लिहायचं, असा आता घरात नियम आहे. तुझी आई भांडतानासुद्धा वही आणते. आधी चष्मा शोधते, मग पेन शोधते, तोवर तिचा निम्मा राग उतरलेला असतो. बत्तीस वर्षं ट्रकच्या इंजिनाशेजारी बसून कान घालवले, त्याचा हा एवढा एक फायदा.

तर यंत्र. डबा उघडला तेव्हा तुझी आई यंत्राकडे बघेचना, डब्याकडेच बघत बसली. पांढराशुभ्र डबा, आत स्पंजची गादी. म्हणाली, म्हणजे लिहिलं, की परक्या लोकांनी किती मायेने बांधून दिलंय. मी यंत्र कानात घातलं. पहिल्यांदा किटलीचा आवाज आला. मग अंगणातली कोंबडी. मग कुणीतरी बाई म्हणाली, "गरम आहे, सांभाळा." मला वाटलं शेजारीण आली. वळून बघतो तर तुझी आई. पेरी, तिचा आवाज मी चार वर्षांनी ऐकला आणि मला तो ओळखू आला नाही. इतका बसलाय. तुम्ही दोघींनी मला सांगितलं होतं की थोडा घोगरा झालाय.

मी म्हटलं, अजून काहीतरी बोल. ती बोलायला लागली आणि यंत्रात शिट्टी सुरू झाली. मग खरखर. मग काहीच नाही. नारीनला जाऊन कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी वहीत लिहून दिलं की दोष यंत्रातच आहे, इथे दुरुस्त होणार नाही, ज्यांनी विकलं त्यांच्याकडे पाठवा.

१९ सप्टेंबरला बिश्केकमध्ये तुझ्या आईचं ऑपरेशन. घशातली आवाजाची पेटीच काढणार. त्यानंतर ती बोलणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. मला काय हवंय ते तुला ठाऊक आहे. त्या तारखेच्या आत एकदा तिने बोलायचं आणि मी ऐकायचं. एक्केचाळीस वर्षं मी बोललो आणि तिने ऐकलं, ते आता पुरे. काय करायचं ते कळव.

तुझा बाप,
जुमादिल

.

अस्ताना, १६ जुलै

बाबा,

तोकोनकाकांना जेवायला घातलं. दोन वेळा वाढून घेतलं आणि मग म्हणाले भूक नव्हती.

विकणाऱ्यांशी माझं बोलणं झालं. दुकान जर्मनीत आहे. माणसं सरळ वाटतात. म्हणतात, बिघडलेलं यंत्र आमच्या हातात पडलं की दोन आठवड्यांत नवीन पाठवू, एक छदाम न घेता. पण वाटेत पार्सल हरवलं तर ती जबाबदारी पाठवणाऱ्याची. आणि ज्या देशात माल पोचवला तिथूनच तो परत यायला हवा, म्हणून ते इकडे माझ्याकडे पाठवू नका. तुम्हालाच पोस्टात जावं लागेल.

आता नीट वाचा आणि हे पत्र सोबत घेऊन जा. पार्सल साधं टाकायचं नाही. विमा उतरवायचा, आणि तोही यंत्राच्या पूर्ण किमतीचा. तुम्ही किंमत कमी लिहाल हे मला आत्ताच दिसतंय. चारचौघांत एवढा आकडा सांगायला तुम्हाला लाज वाटते, लोक नजर लावतील असंही वाटतं. पण कमी लिहिली तर पार्सल गेल्यावर विमावाले तेवढेच देतील. आत काय आहे त्याची यादी करतात, ती पोस्टातल्या बाईसमोर ताडून घ्या. बंद करण्याआधी फोटो काढायला सांगा. पावती पोस्टात विसरू नका, टोपीतही ठेवू नका. आणि बाबा, डब्यात यंत्र, त्याची वायर आणि दुकानाला लिहिलेलं माझं सोबतचं पत्र, बस. यंत्राशिवाय दुसरं काही नको. यादी एक आणि आत दुसरंच असं झालं की विमा फुकट गेला.

ते यंत्र माझ्या दोन हिवाळ्यांची बेकरी आहे. पहाटे चारला उठून मळलेली कणीक आहे. हे मी तुम्हाला ऐकवण्यासाठी लिहीत नाही, सांभाळून पाठवावं म्हणून लिहितेय.

आईला मी परवा म्हटलं की तुझा आवाज फोनवर भरून ठेवू, पुढे बाबांना ऐकवता येईल. ती म्हणाली, आवाज भरून ठेवतात तो मेलेल्यांचा, मी अजून भाकऱ्या थापतेय. पुन्हा विषय काढला तर फोन ठेवून देईन म्हणाली. म्हणून आता सगळं या पार्सलावर आहे.

तुमची,
पेरिझात

.

अत-बाशी, २४ जुलै

पेरी,

पाठवलं. तू सांगितलंस तसंच. तुझं पत्र खिशात नाही, हातात धरून गेलो होतो.

पोस्टात कालिपा बसते, तुझ्या वर्गात होती ती, आता अंगाने दुप्पट झालीय. माझ्यामागे नऊ-दहा माणसं. पेन्शनीचा दिवस होता हे मला कुणी सांगितलं नाही, म्हणजे सांगितलंही असेल. कालिपाने वहीत विचारलं, किंमत किती लिहू? मी आकडा लिहिला. तिने आकडा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, मग लिहिलं, "काका, एक शून्य जास्त पडलंय." मी म्हटलं, नाही पडलं. तेवढ्यात मागचे सगळे माझ्या खांद्यावरून वहीत डोकावायला लागले. बहिऱ्याचं गुपित कसं राहणार, सगळं लेखी. सादिक मेंढपाळाने माझ्या हातातून पेन घेऊन लिहिलं, "एवढ्यात चांगली घोडी येते." मी म्हटलं, घोडीला कान आहेत, मला नाहीत.

खरं सांगतो, हात थबकला होता. तू ओळखलंस तसंच. वाटलं, निम्मी किंमत लिहू आणि सुटू. पण तुझी कणीक आठवली. पूर्ण लिहिली. विम्याचे पैसे भरले. कालिपाने डबा उघडला, यंत्र, वायर, दुकानासाठीचं तुझं पत्र, एकेक करून यादीशी ताडलं, फोटो काढला, डबा खोक्यात घातला, चिकटपट्टी गुंडाळली, चारी बाजूंनी शिक्के मारले. डबा तुझ्या आईनेच घरी भरून दिला होता, माझ्या जाड बोटांनी ती स्पंजची गादी फाटली असती. पावती आतल्या खिशात आहे, खिसा आईने वरून शिवून टाकलाय.

बाहेर आलो तर सगळ्या गावाला माहीत की जुमादिल जर्मनीला काहीतरी पाठवतोय. संध्याकाळपर्यंत तीन जणांनी विचारलं, पोरीचं लग्न तिकडे ठरलंय का. मी हो म्हणून सांगितलं.

तुझी आई आता कमी बोलते म्हणे. डॉक्टरांनी आवाज जपायला सांगितलाय. मी तिला म्हटलं, जप, सगळा माझ्यासाठी ठेव. ती हसली. हसताना तिच्या घशातून काही येतं की नाही, ते मला ठाऊक नाही.

बाबा

.

अस्ताना, २७ ऑगस्ट

बाबा,

पार्सल गेलं.

हरवलं नाही, चोरीला गेलं नाही. सोळा तारखेला जर्मनीत पोचलं होतं. तिथे सीमेवर खोकं क्ष-किरणांखाली घालून बघतात. त्यांना आत काहीतरी दिसलं म्हणून उघडलं. स्पंजच्या गादीखाली निळ्या फुलांच्या कापडाची पिशवी, तोंड बारीक टाक्यांनी शिवलेलं, आणि पिशवीत कुरुत. आपले कुरुत, बाबा. वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या. चौदा. त्यांनी मोजून फोटो पाठवलाय. बाहेरच्या देशातून दुधाचं काहीही पोस्टाने न्यायला तिथे बंदी आहे, आणि यादीत लिहिलेलंही नाही. नियमाप्रमाणे सगळं खोकं नष्ट केलं. यंत्रासकट.

दुकानवाले म्हणतात, आमच्या हातात काहीच आलं नाही, तर बदलून काय देणार. विमावाले म्हणतात, यादी खोटी होती, तेव्हा विमा लागू नाही. मी चार वेळा लिहिलं, विनवण्या केल्या, आईच्या ऑपरेशनचे कागद पाठवले. उत्तर तेच. आणि त्यांचं चुकलंय असं मला म्हणताही येत नाही.

मी एवढंच लिहिलं होतं की यंत्राशिवाय काही नको. अक्षर कळलं नाही की डोळ्यांनीही दिसेनासं झालंय? दुसरं यंत्र घ्यायला माझ्याकडे काही उरलेलं नाही, आणि उरलं असतं तरी एकोणीस तारखेच्या आत येणार नाही. बिश्केकलाही विचारलं. तुमच्यासारख्या कानांना लागतं ते मागवावं लागतं, सहा आठवडे.

हे कुणी केलं ते मला कळलंच पाहिजे.

पेरिझात

.

अत-बाशी, २ सप्टेंबर

पेरी,

मीच केलं.

तू विचारतेस म्हणून सांगतो. पोस्टात जायच्या दिवशी सकाळी तो डबा समोर होता. इतका सुंदर डबा. लोकांनी तो भरून पाठवला आणि आपण त्यात एक मोडकं यंत्र घालून परत करायचं, हे मला बरं वाटेना. शेजारणीची वाटीसुद्धा आपण रिकामी परत देत नाही, मूठभर काहीतरी घालतोच. ही तर किती लांबची माणसं, आणि फुकट नवीन यंत्र देणार होती. वाटलं, चार गोळ्या खातील, अत-बाशीच्या लोकांना चांगलं म्हणतील. विमा, यादी, सीमा यांतलं काही डोक्यातच आलं नाही. कुरुत ही वस्तू आहे असंच मला वाटलं नाही. आपल्याकडे ती कुणी मोजतं का?

शिव्या द्यायच्या तेवढ्या दे. तोकोनच्या हाती दे, तो रस्ताभर त्यात भर घालेल. मी तुझ्या दोन हिवाळ्यांचं वाटोळं केलं, हे मला कळतंय. आणि माझं स्वतःचं काय केलं, तेही कळतंय.

पण एक मागणं आहे. तुझ्या आईला यातलं अक्षर कळता कामा नये. मी तिला सांगितलंय की जर्मन लोक उन्हाळ्याच्या सुट्टीवर गेलेत, पार्सल तिथे पडून आहे, महिनाअखेर नवीन येईल. तिला ऑपरेशनला जायचंय. तिथे तिने हलक्या मनाने जावं. फोनवर बोलताना तोंड सांभाळ. तू इथे येशील तेव्हाही सांभाळ. माझ्यावरचा राग माझ्यापुरता ठेव. वहीत लिही, मी वाचीन.

बाबा

.

अत-बाशी, १४ ऑक्टोबर

पेरी बाळा,

हे पत्र आईचं आहे. अक्षर बघून घाबरू नकोस. चाळीस वर्षांत मी पत्र लिहिलेलं नाही, आता लिहिण्यावाचून गत नाही. बाबा सरपणाला गेलेत, तेवढ्यात लिहिते आणि तोकोनच्या बायकोकडे देते. बाबांच्या पत्राबरोबर नाही, वेगळं येईल. त्यांना सांगू नकोस.

माझं बरं आहे. गळ्यापाशी भोक आहे, त्यातून श्वास येतो. पातळ जेवते. रात्री उशी उंच घेते. यापेक्षा जास्त सांगण्यासारखं नाही.

इस्पितळात ऑपरेशनआधी, सतरा तारखेला, तू आणि बाबा जिन्यात भांडलात. भांडलात म्हणजे तू वहीत लिहिलंस आणि ते वाचत उभे राहिले. मग ते माझ्याजवळ येऊन बसले, आणि चहा आणायला गेले तेव्हा वही माझ्या खाटेवर विसरले. मी वाचलं. तू पेन इतकं दाबलं होतंस की मागच्या दोन पानांवर उमटलं होतं. "तुमच्या चौदा कुरुतांपायी तुम्ही आईचा आवाज आता कधीच ऐकणार नाही." खाली त्यांनी लिहिलं होतं, "बरोबर आहे."

पेरी, ते कुरुत मी टाकले. पिशवी मी शिवली, निळा रुमाल माझाच. डबा भरायला मी बसले होते, ते बाहेर घोड्याला पाणी पाजत होते. त्यांनी तुला जे कारण लिहिलं असेल ते त्यांनी माझ्याच मनातून काढलं असणार, इतकी वर्षं एका घरात काढल्यावर एवढं कळतं. तुझं पत्र वाचून त्यांनी फडताळातला तो कापलेला रुमाल पाहिला असेल आणि समजले असतील. तू स्वतःच वहीत लिहिलंस की पिशवीचं तोंड बारीक टाक्यांनी शिवलं होतं. अगं, तुझ्या बाबांना सुईत दोरा ओवता येतो का? मी चाळीस वर्षं त्यांची बटणं लावतेय. तुला हे कसं सुचलं नाही?

मला तिथल्या तिथे रडू आलं, पण ते चहा घेऊन आले म्हणून तोंड धुतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला इस्पितळाच्या अंगणातल्या बाकावर घेऊन गेले. तू माझी औषधं आणायला बाजारात गेली होतीस. म्हणाले, "बोल झूराकान, आज हवा कोरडी आहे, मला बरंच ऐकू येतंय." आणि कान माझ्या तोंडाजवळ आणला. मी बोलायला लागले. ते मान डोलावत होते. मला खात्री करायची होती, म्हणून मधेच म्हटलं, "लाल गाय मेली." त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "खरंय तुझं." गाय धडधाकट आहे. मला हसू आलं आणि मग रडू आवरेना.

तरी मी बोलत राहिले. बराच वेळ बोलले, घसा दुखेपर्यंत. यंत्र आलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं. माझ्यामुळे आलं नाही. मग निदान मी बोलायचं तरी बाकी ठेवू नये, असं वाटलं. काय बोलले ते वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवलंय. कुणालातरी माहीत असावं म्हणून. तू ठेव.

त्यांना कळू देऊ नकोस की मला सगळं माहीत आहे. त्यांनी एवढं केलंय माझ्यासाठी, ते वाया जाऊ नये. पण तू त्यांची माफी माग. काहीतरी कारण काढून माग.

तुझी आई

.

अत-बाशी, २८ ऑक्टोबर

पेरी,

तुझं माफीचं पत्र मिळालं. कशाची माफी मागतेस ते नीट कळलं नाही. चूक माझी होती, तू बरोबर बोललीस. जे झालं ते झालं, आता तो विषय नको. बेकरीत नवीन भट्टी आली हे वाचून बरं वाटलं.

आमच्याकडे आता दोन वह्या आहेत. एक माझी, एक तिची. मला वही लागते ऐकायला, तिला बोलायला. म्हणजे एकच पुरली असती, पण ती म्हणते माझं अक्षर तिच्या वहीत नको. भांडण सकाळी सुरू झालं तर दुपारच्या चहापर्यंत चालतं, कारण दोघांनाही चष्मा लागतो. शेजारी म्हणतात तुमचं घर किती शांत झालंय. मला काय, मला ते आधीपासूनच शांत होतं. पण आता तिचे ओठही हलत नाहीत, तेव्हा निराळंच वाटतं. आधी निदान ओठ बघायचो.

तुला एक विचारायचंय. लिहायला जड जातंय, पण तुझ्याशिवाय कुणाला विचारू.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी ती माझ्याशी बाकावर बसून बोलली. तास-दीड तास बोलली असेल. मी तिला सांगितलं की मला ऐकू येतंय. पेरी, मला काही ऐकू आलं नाही. कानावर ऊन ऊन श्वास आला, बाकी काही नाही. मी अंदाजाने मान डोलावत होतो. ती हसली की हसायचो, ती रडली की डोळे पुसायचो. तिचं समाधान व्हावं एवढंच मनात होतं. आणि खोटं कशाला सांगू, माझंही व्हावं.

आता ती कधी कधी वहीत लिहिते, "बाकावर सांगितलं ते लक्षात आहे ना?" मी हो म्हणतो. काय सांगितलं होतं, देव जाणे. म्हणून मी घरातली सगळी कामं काढलीत. छप्पर शाकारलं, तिच्या बहिणीशी बोलणं सुरू केलं, दाताच्या डॉक्टरकडे गेलो, जुनं खोगीर विकलं. म्हटलं यातलं एखादं तरी ते असेल. ती नुसती बघते.

तू त्या सकाळी फाटकापाशी दिसल्यासारखी वाटलीस मला. जवळ होतीस का? काही कानावर पडलं असेल तर लिही. थोडंसं असलं तरी चालेल. तिला विचारू नकोस, मी ऐकलं नाही हे तिला कळेल.

बाबा

.

अस्ताना, ६ नोव्हेंबर

बाबा,

हो, जवळ होते. औषधं घेऊन आले आणि तुम्ही दोघं बोलताना दिसलात म्हणून बाकामागे झाडाशी थांबले. तसं चोरून ऐकायला नको होतं. पण ऐकलं, आणि मला ते लक्षात आहे. तिचेच शब्द लिहितेय.

ती म्हणाली, मी गेले तर तुम्ही या घरात एकटे राहू नका, पेरीकडे जा, पण तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवू नका. नाही गेले तर मला शेवटपर्यंत वहीत शिव्या द्यायला लागतील, त्या वाचा.

म्हणाली, लग्न झालं त्या वर्षी मला शिकायला ओश शहरात जायचं होतं, तुम्ही जाऊ दिलं नाही. त्याचा राग मी पुष्कळ वर्षं धरला. कधी सोडला ते मला आठवत नाही, पण आता तो नाही. तुम्ही त्याचं ओझं उगाच बाळगताय, हे मला दिसतं. तुम्हीही सोडा.

म्हणाली, तुम्ही ट्रक चालवताना आणि घरीही जे गाणं म्हणायचात ते मला कधी आवडलं नाही, सूर वाकडा होता. तुमचे कान गेल्यावर तुम्ही ते बंद केलंत. घरात पहिल्यांदा मला बहिरं झाल्यासारखं वाटलं ते तेव्हा. तुम्हाला ऐकू येत नसलं तरी मला येतं. गात जा.

मग तिने रुमालाने तोंड पुसलं. मला वाटलं झालं. पण ती म्हणाली, तुम्ही घाटावरून उतरून पुलावर आलात की तीनदा भोंगा वाजवायचात. मी चुलीवर पाणी ठेवायचे आणि दाराकडे पाठ करून बसायचे. तुम्ही आत यायचात आणि म्हणायचात, या बाईला माझी काही पडलेलीच नाही. मी काही बोलायचे नाही. आज सांगते. तुम्ही ज्या दिवशी येणार असायचात त्या दिवशी मी सकाळपासून कान पुलाकडे लावून असायचे. एक्केचाळीस वर्षं मी तुमची वाट पाहिली, आणि एकदाही तुम्हाला तसं म्हटलं नाही.

हे सगळं ती अगदी हळू बोलत होती, शब्दाशब्दाला थांबत. तुम्ही म्हणता अंदाजाने मान डोलावली. मधे एक-दोनदा चुकलंही असेल. पण वाट पाहिली असं ती म्हणाली ना, तेव्हा तुम्ही मान डोलावलीत आणि तिचा हात धरलात. मी पाहिलं, बाबा. अगदी त्याच वेळी.

तुमची,
पेरिझात